कंट्रोल कोणी दाबलाय?

"आपोआप" हा शब्द आंटींसमोर उच्चारायची सोय नव्हती. "आंटी, फाइल आपोआप बंद झाली," असं कोणी म्हटलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "आपोआप फक्त वय वाढतं गो. बाकी काय आपोआप होत नाय. तू काय काय केलंस ते सांग." "मी काहीच केलं नाही," हे उत्तर तर त्यांना अजिबात चालायचं नाही. "खुर्चीवर बसलीस ना? बसलीस ते सांग. तिथून सुरू कर."

मालाडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आमचं ऑफिस होतं. इतर भाषांतल्या मालिकांना मराठी सबटायटल्स लिहायची, हे काम. सोळा टेबलं, सोळा कॉम्प्युटर, आणि सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते आंटींनी बसवलं होतं आणि आंटी असेपर्यंत ते काढायची कोणाची हिंमत नव्हती. आंटी मंगळवारी आणि शुक्रवारी कॉम्प्युटर दुरुस्तीला यायच्या. साठी ओलांडलेली, मार्व्याच्या रस्त्यावरच्या जुन्या गावठणात घर. फुलाफुलांचा ढगळ ड्रेस, मनगटावर पुरुषी घड्याळ. प्रत्येक ड्रेसला त्या शिंप्याकडून दोन मोठे खिसे लावून घ्यायच्या. एकात टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्यात उकडलेले शेंगदाणे. टेबलाखाली शिरायची वेळ आली तर एक घडी केलेली चादर अंथरायच्या आणि त्या वयात अशा काही सरसर आत सरकायच्या की बाहेर फक्त चपला दिसायच्या.

आधीची सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, तीही फॉल्ट शोधायच्या विभागात. त्यामुळे माणसांना नावाने हाक मारायची सवयच त्यांना नव्हती. ज्याचा जो टेबल नंबर तेच त्याचं नाव. मी चौदा. शेजारचा प्रशांत तेरा. आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळे नुसतं "सर" म्हणायचो, ते एक नंबर. "एक नंबर, जरा बाजूला व्हा," असं त्या सरांना तोंडावर म्हणायच्या आणि सर बाजूला व्हायचे.

कोणताही बिघाड घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "शेवटचं नीट कधी चालू होतं?" हा प्रश्न त्या माणसांनाही विचारायच्या. कोणाचं डोकं दुखत असेल तरी हेच. प्रशांतचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तो तोंड पाडून बसला होता. आंटी शेंगदाणे सोलत म्हणाल्या, "तेरा, शेवटचं नीट कधी चालू होतं?" प्रशांतने खरंच विचार केला. म्हणाला, "दिवाळीपर्यंत, आंटी." "मग दिवाळीनंतर काय बदललं ते बघ की रे. मला काय विचारतोस?" प्रशांतने बघितलं. सहा महिन्यांनी त्याचं लग्न झालं, त्याच मुलीशी. जेवणाला आंटी आल्या होत्या आणि हॉलच्या साउंड सिस्टिमपाशी उभ्या राहून कोणती वायर सैल आहे ते शोधत होत्या.

रीस्टार्टला ऑफिसात सक्त बंदी होती. प्रत्येक मॉनिटरच्या खाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी असायची: "बंद करून चालू करू नये. मला सांगावे." त्यांचं म्हणणं, बंद करून चालू केलं की बिघाड जात नाही, फक्त पुरावा जातो. पुराव्यासाठी त्यांची एक लांबट वही होती, फॉल्टबुक. वार, वेळ, टेबल नंबर, काय झालं, त्याच्या आधी काय झालं, बाजूला कोण होतं. आम्ही त्या वहीला खूप हसायचो. "आंटी, मी सकाळी काय खाल्लं ते पण लिहा," असं प्रशांत म्हणायचा, आणि त्या शांतपणे विचारायच्या, "काय खाल्लंस?"

मी तिथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आम्ही घाटकोपरचे. पप्पा वाशीमकडून आलेले, आणि त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की पोरगी टीव्हीसाठी लिहिते. विहारात भेटणारे काका-काकू मला विचारायचे, कोणत्या मालिकेत बघायचं तुझं नाव? नाव कुठेच येत नाही हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. काम जमलं तर पुढे, नाही तर नाही.

तिसऱ्या महिन्यात माझा कीबोर्ड वेड्यासारखा वागायला लागला.

मी वाक्य टाइप करायला जायची आणि अक्षरं उमटायचीच नाहीत. उलट भलत्याच खिडक्या उघडायच्या, फाइल बंद व्हायची, लिहिलेलं पुसलं जायचं. दोन-तीन मिनिटं हा गोंधळ चालायचा आणि मग सगळं सुतासारखं सरळ. पहिल्यांदा अर्ध्या तासाचं काम गेलं. दुसऱ्यांदा पूर्ण एपिसोड. प्रशांतने स्वतःचा कीबोर्ड काढून मला दिला आणि माझा त्याने घेतला. त्याच्याकडे माझा कीबोर्ड झकास चालला. माझ्याकडे त्याचा कीबोर्ड दोन दिवसांत तसाच वेडा झाला.

याचा अर्थ सगळ्यांना एकच दिसला. कीबोर्डात दोष नव्हता. दोष माझ्यात होता.

आंटींना मी मंगळवारी सांगितलं. त्या वेळी सगळं नीट चाललेलं, त्यामुळे दाखवायला काहीच नव्हतं. त्यांनी वही उघडली, माझे सगळे प्रसंग वार-वेळेसकट लिहून घेतले. पाच झाले. मग विचारलं, "पूर्ण एपिसोड गेला तेव्हा कोणतं वाक्य लिहीत होतीस?"

मला आठवत होतं. मालिकेतली वहिनी म्हणते, "मोठं घर घे, मैत्रीण म्हणून सांगते."

आंटींनी वहीच्या मागच्या पानावर ते वाक्य लिहिलं. आमच्या मराठी कीबोर्डवर प्रत्येक अक्षराच्या खाली एक इंग्रजी अक्षर असतंच. त्यांनी मराठी अक्षराखाली ते इंग्रजी अक्षर मांडायला सुरुवात केली. "हे बघ, चौदा. म म्हणजे C. ओकाराची खूण म्हणजे A. अनुस्वार म्हणजे X. एकाराची मात्रा S. दोन मात्रा W." मग पेन्सिल त्या ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरायला लागली.

"आता समज, कंट्रोलची की दाबलेली आहे. कंट्रोल स्वतः काय लिहीत नाय, दुसऱ्या अक्षराचं काम बदलतो. कंट्रोल आणि A म्हणजे सगळं निवड. कंट्रोल X म्हणजे काप. कंट्रोल S म्हणजे सेव्ह कर. कंट्रोल W म्हणजे बंद कर." त्यांनी वर बघितलं. त्यांचे डोळे चमकत होते. "'मोठं' लिहिलंस तेव्हा अख्खा एपिसोड निवडला आणि कापला. 'घे' लिहिलंस तेव्हा ती रिकामी फाइल सेव्ह झाली. 'मैत्रीण'च्या 'मै'ला बंद झाली. तुझ्या मैत्रिणीनेच वाट लावली गो."

मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले. कोडं सुटलं होतं, एकेक अक्षर जुळत होतं. आंटींनी ती वही सरांना नेऊन दाखवली. सरांनी नीट ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्यावर वरून खूप दडपण असायचं. ते म्हणाले, "म्हणजे कंट्रोल दाबला जात होता. बरोबर? मग तो दाबतंय कोण? तिचीच करंगळी पडत असणार ना त्यावर." माझ्याकडे वळून म्हणाले, "शुक्रवारी बसून ठरवू."

आंटींनी वही मिटली. त्या फक्त म्हणाल्या, "प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी काय बोलणार नाय."

त्या दिवसापासून मी माझ्या डाव्या करंगळीकडे बघायला लागले. बसमध्ये, जेवताना, पप्पांशी बोलताना. ती माझ्या नकळत खाली वाकते का? बुधवारी मी मेडिकलमधून चिकटपट्टी घेतली आणि करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली. आईने विचारलं, लागलं का गं? मी हो म्हटलं. तशीच बांधलेल्या बोटाने मी दोन दिवस टाइप केलं. खरं सांगायचं तर तोवर मला पटलं होतं की सर म्हणतात तेच बरोबर असणार.

शुक्रवारी सकाळी आंटी आल्या आणि काही न बोलता माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मांडीवर लॅपटॉप. अकरा वाजून गेले. मी बांधलेल्या बोटाने लिहीत होते आणि अचानक अक्षरं थांबली. स्क्रीनवर भलतीच खिडकी उघडली.

"आंटी," मी म्हटलं.

"हात वर कर."

मी दोन्ही हात डोक्यावर नेले, पोलिसांसमोर करतात तसे.

"एक नंबर, इकडे या. तेरा, तू पण ये. हिचे हात बघून ठेवा."

सर आले. आंटींनी माझ्या कीबोर्डाला हातही लावला नाही, कारण त्यावर काहीही दाबलं असतं तरी भलतंच झालं असतं. स्वतःच्या लॅपटॉपवरून त्या नेटवर्कमार्गे माझ्या मशीनमध्ये शिरल्या. कोणत्या कीबोर्डवर कोणती की दाबली जाते ते ओळीने दाखवणारी एक आज्ञा त्यांनी दिली. माझ्या कीबोर्डकडून एकही ओळ येईना. कोणी काही दाबत नव्हतं. तरी मशीन म्हणत होतं, कंट्रोल दाबलेला आहे.

"बरं," आंटी म्हणाल्या, आणि माझ्या कीबोर्डची वायर मागून उपटून काढली. कीबोर्ड काखेत धरला. "आता माउसचं चाक फिरव, चौदा."

मी फिरवलं. स्क्रीनवरची अक्षरं मोठी मोठी होत गेली. उलट फिरवलं, लहान झाली. नुसतं चाक फिरवलं तर मजकूर वर-खाली सरकायला हवा होता. अक्षरं लहान-मोठी होतात ती फक्त कंट्रोल दाबून चाक फिरवलं तरच, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

"कीबोर्ड माझ्या काखेत," आंटी सरांना म्हणाल्या. "हात तिचे डोक्यावर होते. करंगळी तर तिने बांधून घातलीय. आता सांगा, कंट्रोल कोणी दाबलाय?"

सरांनी माझ्या चिकटपट्टीकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. आजूबाजूची टेबलं सोडून सगळे आमच्याभोवती जमले होते. प्रशांत पुन्हा पुन्हा चाक फिरवत होता आणि "काय यार हे, काय यार हे," म्हणत होता.

आंटींनी लॅपटॉपवर माझ्या मशीनला जोडलेल्या वस्तूंची यादी मागवली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा कीबोर्ड तर उपटलेला. तरी यादीत एक कीबोर्ड होता.

चादर अंथरली गेली. आंटी आत सरकल्या. टॉर्चचा उजेड इकडे तिकडे फिरला आणि आतून आवाज आला, "मिळाला." कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, धुळीत, नखाएवढा एक काळा तुकडा खोचलेला होता. बिनवायरच्या कीबोर्डचा रिसीव्हर.

"काढा तो, आंटी," प्रशांत म्हणाला.

"काढायचा नाय," त्या बाहेर येत म्हणाल्या. केसांत जळमटं. "काढला तर हिचा कंट्रोल सुटेल, पण तो कीबोर्ड कुठाय ते कळणार नाय. मग उद्या परत म्हणाल, पोरीचंच बोट होतं. तो इथेच आहे, या खोलीत. सगळे आपापल्या जागी जा आणि एकेक वस्तू हलवा. मी इथे बघते."

लॅपटॉपच्या स्क्रीनवर आता त्या अज्ञात कीबोर्डची बातमी येणार होती. तिथे काही दाबलं गेलं किंवा सुटलं की एक ओळ उमटणार. सगळं ऑफिस कामाला लागलं. कोणी कपाटातले गठ्ठे हलवले, कोणी पुठ्ठ्याचे खोके, कोणी सोफ्याच्या गाद्या. "काय आलं का?" "नाय." "आता?" "नाय." शाळेत लपाछपी खेळावी तसे पन्नाशीचे लोक वाकून बघत होते. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. ते त्यांच्या टेबलाकडे गेले, फोन कानाला लावला आणि काहीतरी लिहून घ्यायला पेन हवं म्हणून खालचा ड्रॉवर ओढला.

स्क्रीनवर एकदम पाच-सहा ओळी धावल्या. सुटला. दाबला. सुटला. दाबला.

"थांबा," आंटी एवढ्या जोरात म्हणाल्या की समोरच्या गाळ्यातला माणूस दारात आला. "एक नंबर, हात तिथेच ठेवा."

सर फोन कानाला आणि हात ड्रॉवरमध्ये, असे पुतळ्यासारखे उभे राहिले. आंटी गेल्या. मी मागे. ड्रॉवरमध्ये सरांचा चार पुडांचा स्टीलचा डबा होता. त्याच्याखाली काही जुनी पाकिटं. पाकिटांखालून काळ्या कीबोर्डचा डावा कोपरा बाहेर आलेला, आणि डब्याची कड बरोबर त्या कोपऱ्यातल्या कीवर. ड्रॉवर ओढला-ढकलला की डबा सरकून कधी त्या कीवर चढायचा, कधी उतरायचा.

"डबा उचला."

सरांनी उचलला. मागून लॅपटॉपपाशी उभा असलेला प्रशांत ओरडला, "सुटला, आंटी."

"ठेवा."

"दाबला."

आंटींनी ते सरांकडून तीनदा करून घेतलं. सर निमूटपणे डबा उचलत आणि ठेवत होते. मग हळूच म्हणाले, "माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. चौदा नंबरला आधी जी मुलगी होती तिचा हा कीबोर्ड. ती गेली तेव्हा मीच कपाटात ठेवून दिला, या महिन्यात ड्रॉवरमध्ये हलवला. चांगला होता, म्हटलं कधीतरी लागेल." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस मीच दाबत होतो?"

"तुम्ही नाय," आंटी म्हणाल्या. "तुमच्या मिसेसची डाळ."

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी त्यांच्या टेबलाच्या अगदी जवळ उभी होते, म्हणून मला त्यांच्या स्क्रीनवर उघडं असलेलं पत्र दिसलं. वर माझं नाव होतं. सरांना ते कळलं. त्यांनी माझ्याकडे न बघता ते पत्र बंद केलं आणि सेव्ह करायचं का विचारल्यावर "नाही"वर क्लिक केलं.

मी जागेवर येऊन चिकटपट्टी सोडली. बोट पांढरं पडलं होतं आणि सुरकुतलं होतं. मी ते नुसतं हलवून बघत बसले. माझं बोट, मी सांगेन तेव्हाच हलत होतं.

जेवणाच्या सुट्टीत आंटी फॉल्टबुक घेऊन माझ्यासमोर बसल्या. पाच प्रसंगांसमोर त्यांनी बरोबरची खूण करायला सुरुवात केली. सोमवार, अकरा वाजता. डबा ड्रॉवरमध्ये. बुधवार, सव्वाबारा. डबा ड्रॉवरमध्ये. पुढचा सोमवार, बुधवार, दोन्ही सकाळचे. सगळे जेवणाच्या आधीचे. चार खुणा झाल्या. पाचव्यापाशी पेन्सिल थांबली.

"गुरुवार, दुपारी चार," त्यांनी वाचलं. "गुरुवारी एक नंबरचा उपवास. डबा येत नाय. हा कोणाचा?"

मी म्हटलं, "आंटी, आता तर सगळं मिटलं ना."

त्या शेंगदाणे सोलत राहिल्या. त्यांना घाई नव्हती.

तो गुरुवार मला नीट आठवत होता. त्या दिवशी कीबोर्डने काहीच केलं नव्हतं. मी जुनी फाइल उघडली होती आणि नव्या फाइलवर ती सेव्ह करून टाकली होती. केलं त्याच क्षणी मला कळलं होतं. पण प्रशांतने "परत तेच झालं का?" असं विचारलं, आणि मी "हो" म्हटलं. आधीचे चार घोळ होतेच, त्यात हा पाचवा खपून गेला. आंटींना सांगतानाही मी तो त्याच यादीत टाकला होता.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. खुर्चीवर बसले तिथपासून सांगितलं.

त्यांनी पाचवी ओळ एका रेघेत खोडली. "हा फॉल्ट नाय गो, ही चूक. चुकांची वही मी ठेवत नाय." आणि वही मिटून चहा आणायला निघून गेल्या. सरांना सांग असं त्या म्हणाल्या नाहीत, सांगू नको असंही नाही.

गंमत म्हणजे मला भीती वाटत नव्हती. इतके दिवस आपण काय केलं आणि काय नाही हेच मला कळेनासं झालं होतं. आता बोटावर मोजून सांगता येत होतं, हे माझं, ते माझं नाही. मला जवळजवळ पळत जावंसं वाटत होतं.

सर जेवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"सर, गुरुवारची फाइल माझ्याकडूनच गेली. जुनी फाइल नवीवर सेव्ह केली. तेव्हा सांगितलं नाही, सॉरी."

सरांनी घास तोंडाजवळच थांबवला. "आणि बाकीच्या चार?"

"त्या तुमच्या, सर."

मागे प्रशांतला ठसका लागला. सरांनी घास तोंडात टाकला, सावकाश चावला, पाणी प्यायले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तीन वाजेपर्यंत आजचा एपिसोड दे."

मी पावणेतीनला दिला.